घरोघरी नवजात बालसेवा

घरोघरी नवजात बालसेवा ही नवजात बाळाच्या आरोग्याची तपासणी, काळजी आणि प्राथमिक उपचार त्याच्या राहत्या घरी पोहोचवण्याची पद्धत आहे. गावातच राहणारी प्रशिक्षित स्त्री ठरावीक दिवशी बाळाच्या घरी जाते, त्याचे वजन व तापमान मोजते, आजाराची लक्षणे पाहते आणि आईला बाळाची निगा राखण्यास शिकवते. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे या संस्थेचे संस्थापक होत. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून भारत सरकारने आशा स्वयंसेविकांच्या माध्यमातून ही सेवा देशभर लागू केली. मात्र राष्ट्रीय कार्यक्रमाचे स्वरूप मूळ प्रयोगापेक्षा काही महत्त्वाच्या बाबतींत वेगळे आहे.

## संज्ञा व मोजमाप

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात बालक म्हणतात. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी जितकी बालके या २८ दिवसांत दगावतात, त्या संख्येस नवजात मृत्युदर म्हणतात. वयाचे एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी दगावणाऱ्या बालकांचे हजारी प्रमाण म्हणजे अर्भक मृत्युदर. नवजात मृत्यू हा अर्भक मृत्यूचाच एक भाग असतो आणि बहुतेक ठिकाणी तो सर्वांत मोठा भाग असतो. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार भारताचा अर्भक मृत्युदर २८ आणि नवजात मृत्युदर २० होता. महाराष्ट्रात हेच आकडे अनुक्रमे १६ आणि ११ होते. याचा अर्थ असा, की पहिल्या वर्षात दगावणाऱ्या दर दहा बालकांपैकी सुमारे सात बालके पहिल्या महिन्यातच जातात. लसीकरण, अतिसारावरील जलसंजीवनी आणि पोषण कार्यक्रम यांचा लाभ प्रामुख्याने त्यानंतरच्या महिन्यांत होतो. त्यामुळे पहिल्या महिन्यासाठी वेगळी व्यवस्था आवश्यक ठरते.

## पार्श्वभूमी

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. जिल्ह्याचा मोठा भाग वनाच्छादित असून गोंड व माडिया या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांनी वेढलेल्या या प्रदेशात पावसाळ्यात अनेक गावांचा संपर्क तुटतो. भामरागड येथील पर्लकोटा नदीचा पूर हे त्याचे परिचित उदाहरण होय.

सरकारी निकषांनुसार आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. विरळ वस्तीच्या प्रदेशात २०,००० लोक बऱ्याच मोठ्या क्षेत्रात विखुरलेले असतात. त्यामुळे निकषाप्रमाणे केंद्र असूनही ते प्रत्यक्षात अनेक कोस दूर राहते. उपचार विनामूल्य असले, तरी बैलगाडीचे किंवा जीपचे भाडे, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या मुलांची सोय हा खर्च कुटुंबावरच पडतो. त्यात बाळंतिणीने काही दिवस घराबाहेर पडू नये, अशी रूढी होती. या सर्व कारणांमुळे आजारी बाळ रुग्णालयापर्यंत क्वचितच पोहोचत असे.

बंग दांपत्याने १९८६ साली गडचिरोली येथे 'सर्च'ची स्थापना केली. संस्थेच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक ग्रामीण स्त्रियांच्या आजारांविषयी होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. यापूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवर उपचार करण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. त्यात निमवैद्यकीय कर्मचारी, ग्राम आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकवले गेले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यामुळे कमी झाले, तरी पहिल्या महिन्यातील मृत्यूंचा प्रश्न शिल्लक होता.

गावातील अल्पशिक्षित व्यक्तीला प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेत सहभागी करून घेण्याची परंपरा महाराष्ट्रात याआधीही होती. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून असे कार्य उभे केले होते. गडचिरोलीच्या प्रयोगाचे वेगळेपण असे, की नवजात बालकाच्या गंभीर आजाराचे निदान आणि उपचार, ज्यांत इंजेक्शनचाही समावेश होतो, गावातील स्त्रीकडे सोपवण्यात आले आणि त्याचा परिणाम तुलनात्मक पद्धतीने मोजण्यात आला.

## गडचिरोलीतील क्षेत्रीय प्रयोग

### रचना

प्रयोगासाठी ३९ गावे सेवेचे क्षेत्र म्हणून आणि ४७ गावे तुलनेचे क्षेत्र म्हणून निश्चित करण्यात आली. सेवेच्या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ३९ हजार होती. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे मूळ स्थितीच्या नोंदीसाठी आणि १९९५ ते १९९८ ही तीन वर्षे प्रत्यक्ष सेवेसाठी ठेवण्यात आली. तुलनेच्या गावांत शासकीय आरोग्यसेवा व एकात्मिक बालविकास योजना नेहमीप्रमाणे चालू होत्या.

सेवेच्या गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या स्त्रियांची निवड झाली. या कार्यकर्त्यांना 'आरोग्यदूत' असे म्हटले जाते. गावातील पारंपरिक दायांनाही प्रयोगात सामील करून घेण्यात आले.

### पहिल्या वर्षाचे निरीक्षण

पहिल्या वर्षी, म्हणजे १९९५-९६ मध्ये, आरोग्यदूतांनी प्रामुख्याने निरीक्षण केले. गावातील ७६३ नवजात बालकांची जन्मापासून २८ दिवस नियमित पाहणी झाली. त्यातून पुढील बाबी समोर आल्या :

* ४२ टक्के बालकांचे जन्मतः वजन अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी होते.
* ५४ टक्के बालकांना वैद्यकीय सेवेची गरज भासेल असा आजार झाला.
* प्रत्यक्ष वैद्यकीय सेवा मिळालेल्या बालकांचे प्रमाण केवळ २.६ टक्के होते.
* ४० बालके दगावली. त्यांपैकी २१ मृत्यू जंतुसंसर्गामुळे (न्यूमोनियासह), ८ जन्मतः गुदमरल्यामुळे आणि ६ अतिशय अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे झाले.

सेवेची गरज असलेली निम्म्याहून अधिक बालके आणि सेवा मिळालेली शंभरांत तीनहून कमी बालके, हे अंतर पुढील दोन वर्षांच्या कामाचा पाया ठरले. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असलेला जंतुसंसर्ग हा प्रतिजैविकांनी बरा होणारा आजार होता. त्यामुळे औषध उपलब्ध आहे की नाही यापेक्षा ते बाळापर्यंत वेळेत कोण नेणार, हा प्रश्न निर्णायक ठरला.

### सेवेचे स्वरूप

गरोदरपणातच आरोग्यदूत कुटुंबाशी संपर्क साधत असे आणि प्रसूतीच्या वेळी दाईबरोबर उपस्थित राहत असे. दाईचे लक्ष आईकडे आणि आरोग्यदूताचे लक्ष बाळाकडे, अशी कामाची विभागणी होती. त्यानंतर महिनाभर ठरावीक दिवशी गृहभेटी होत. या सेवेचे मुख्य घटक असे :

* श्वास सुरू करणे : जन्मल्यावर न रडलेल्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला मुखवटा व नळी किंवा मुखवटा व फुगा वापरून कृत्रिम श्वास देणे.
* ऊब देणे : बाळाला लगेच आंघोळ न घालता कोरडे करून गुंडाळणे; कमी वजनाच्या बाळासाठी उबदार पिशवी वापरणे.
* स्तनपान : पहिले दूध, म्हणजे चीक, फेकून न देता बाळाला पाजणे, मध, साखरेचे पाणी इत्यादी न देणे, ओढता न येणाऱ्या बाळाला आईचे दूध काढून चमच्याने पाजणे.
* वजन व तापमान : झोळीच्या काट्याने वजन आणि तापमापकाने ताप मोजून त्याची नोंद ठेवणे.
* श्वास मोजणे : दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असल्यास ते धोक्याचे लक्षण मानले जाते. आकडे न येणाऱ्या दायांना हे मोजता यावे यासाठी 'सर्च'ने एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी असलेला साधा श्वासमापक तयार केला होता.
* जंतुसंसर्गावर उपचार : ठरवून दिलेल्या लक्षणांपैकी किमान दोन एकाच वेळी आढळल्यास जंतुसंसर्ग समजणे. बाळाचे रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय ढिले पडणे, अंग गार पडणे किंवा तापणे, छाती आत ओढली जाणे ही त्यांतील काही लक्षणे होत. अशा वेळी प्रथम रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई. पालक नेण्यास तयार नसल्यास त्यांच्या संमतीने जेंटामायसीनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्साझोल हे तोंडावाटे द्यायचे औषध घरीच दिले जाई.
* आरोग्यशिक्षण : आई, सासू व घरातील इतरांना बाळाची निगा आणि धोक्याची लक्षणे समजावून सांगणे.

पर्यवेक्षक ठरावीक काळाने गावांना भेट देऊन नोंदी व कामाची गुणवत्ता तपासत. तिसऱ्या वर्षापर्यंत सेवेच्या गावांतील ९३ टक्के नवजात बालकांपर्यंत ही सेवा पोहोचली.

### निष्कर्ष

सेवेच्या गावांतील नवजात मृत्युदर मूळ नोंदीच्या काळात ६२ होता. १९९७-९८ मध्ये तो सुमारे २५ पर्यंत खाली आला. तुलनेच्या गावांतील बदल लक्षात घेऊन काढलेली निव्वळ घट ६२ टक्के होती. अर्भक मृत्युदर सुमारे ७६ वरून ३९ पर्यंत उतरला. त्याची निव्वळ घट सुमारे ४६ टक्के ठरली. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होते. आरोग्यदूतांच्या उपचारानंतर ते २.८ टक्के झाले.

या सेवेचा खर्च दर नवजात बालकामागे ५.३ अमेरिकी डॉलर इतका आला. १९९७-९८ मध्ये सेवा मिळालेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला, असे संशोधकांनी नमूद केले आहे. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढील वर्षांतील निरीक्षणांवर आधारित लेखांची विशेष पुरवणी २००५ साली 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी' या नियतकालिकाने काढली.

## प्रसार

महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने 'अंकुर' या प्रकल्पाद्वारे ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टी अशा निरनिराळ्या वस्त्यांमध्ये सात ठिकाणी ही पद्धत राबवण्यात आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही पाच राज्यांत तिची चाचणी घेतली. उत्तर प्रदेशातील शिवगड आणि बांगलादेशातील सिल्हेट येथे गृहभेटींवर आधारलेले स्वतंत्र प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले असून दोन्ही ठिकाणी नवजात मृत्यूंत घट दिसून आली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली.

या काळात महाराष्ट्रात बालमृत्यूंच्या नोंदीचा प्रश्नही पुढे आला. 'कोवळी पानगळ' या २००१ सालच्या अहवालात विविध स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रांतील जन्ममृत्यूंची प्रत्यक्ष मोजणी करून, शासकीय नोंदींत अनेक बालमृत्यू येतच नाहीत असे दाखवून दिले. घरी जन्मून काही तासांत गेलेल्या बाळाचा जन्म आणि मृत्यू असे दोन्ही नोंदीतून सुटतात. गृहभेटींमुळे सेवेबरोबरच या नोंदीही मिळू लागतात.

## राष्ट्रीय कार्यक्रम

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा आरंभ एप्रिल २००५ मध्ये झाला आणि त्याअंतर्गत गावोगावी आशा स्वयंसेविका नेमण्यात आल्या. २०११ साली केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालसेवेच्या मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांनुसार आशा स्वयंसेविकेने पुढीलप्रमाणे भेटी द्यावयाच्या असतात :

* संस्थेत प्रसूती झाल्यास : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी.
* घरी प्रसूती झाल्यास : वरील सहा भेटींखेरीज पहिल्या दिवशी एक, अशा सात भेटी.

सर्व भेटी आणि नोंदी पूर्ण केल्यावर दर बालकामागे २५० रुपये मोबदला निश्चित करण्यात आला. २०१८ पासून बालक ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे झाल्यावर गृहभेटी देण्याचा पुढील टप्पा जोडण्यात आला.

या कार्यक्रमाला इतर योजनांची जोड आहे. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेद्वारे संस्थेतील प्रसूतीस रोख साहाय्य दिले जाते. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयांत प्रसूती, औषधे, चाचण्या, आहार आणि वाहतूक विनामूल्य केली. आजारी नवजात बालकांनाही त्यात समाविष्ट केले. जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांसाठी विशेष काळजी कक्ष उभारण्यात आले. २०१४ च्या भारत नवजात कृती आराखड्यात २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक अंकी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

### मूळ प्रयोगाशी तुलना

राष्ट्रीय कार्यक्रमात आशा स्वयंसेविका बाळाची तपासणी करते, आईला सल्ला देते आणि धोक्याची लक्षणे आढळल्यास बाळाला रुग्णालयात पाठवते. ती प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत नाही. २०१४ साली केंद्र शासनाने सहायक परिचारिका प्रसाविकांना (ए.एन.एम.) ठरावीक परिस्थितीत जेंटामायसीन देण्यास मुभा दिली, परंतु परिचारिका अनेक गावांसाठी एक असते आणि ती प्रत्येक गावात राहत नाही. मूळ प्रयोगात मृत्यू टळण्याचा मोठा वाटा जंतुसंसर्गावरील घरच्या उपचाराचा होता. त्यामुळे केवळ गृहभेट आणि सल्ला यांपासून तेवढ्याच परिणामाची अपेक्षा करता येत नाही, हे या कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावे लागते.

## आक्षेप आणि चर्चा

इंजेक्शनचा अधिकार : वैद्यकीय पदवी किंवा परिचर्येचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीने नवजात बालकाला इंजेक्शन देणे सुरक्षित नाही, असा आक्षेप घेतला गेला. समर्थकांच्या मते तुलना प्रत्यक्षात उपलब्ध असलेल्या पर्यायाशी करावयास हवी. जिथे आजारी बाळ रुग्णालयात पोहोचतच नाही, तिथे तो पर्याय म्हणजे उपचाराचा अभाव होय. प्रशिक्षण, लक्षणांची स्पष्ट यादी आणि नियमित पर्यवेक्षण या तीन अटी मात्र दोन्ही बाजूंना आवश्यक वाटतात.

संशोधनाची पद्धत : सेवेची आणि तुलनेची गावे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडलेली नव्हती. तसेच 'सर्च'चे या भागात पूर्वीपासून काम असल्याने लोकांचा विश्वास आधीच संपादन झालेला होता. त्यामुळे हाच परिणाम सर्वत्र मिळेल का, असा प्रश्न विचारण्यात आला. अन्य ठिकाणच्या प्रयोगांत घट दिसली, तरी तिचे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते.

दोन दर्जांची सेवा : शहरातील बाळाला बालरोगतज्ज्ञ आणि खेड्यातील बाळाला अल्पशिक्षित कार्यकर्ती, ही विषमता कायम होईल अशी भीती काही जण व्यक्त करतात. घरची सेवा ही रुग्णालयाला पर्याय म्हणून न राहता त्याची पहिली पायरी व्हावी, हा त्यावरील विचार होय. अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घरच्या सेवेने वाचवणे कठीण असते. त्यासाठी सुसज्ज कक्ष आणि तिथवर नेणारे वाहन लागतेच.

कार्यकर्तीचा मोबदला : आशा स्वयंसेविका या शासकीय कर्मचारी मानल्या जात नाहीत, त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. मानधन आणि सेवाशर्ती यांसाठी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्यांनी आंदोलने केली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली भारतातील आशा स्वयंसेविकांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. वेतनाचा प्रश्न मात्र त्यानंतरही चर्चेत राहिला.

## बदललेली परिस्थिती

मूळ प्रयोगाच्या काळात गडचिरोलीतील बहुतेक प्रसूती घरीच होत असत. त्यानंतर चित्र पालटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ८९ टक्के झाले. महाराष्ट्रात ते सुमारे ९५ टक्के आहे. त्यामुळे जन्माच्या क्षणी लागणारी मदत आता मुख्यत्वे रुग्णालयात मिळते आणि गृहभेटींचे महत्त्व घरी परतल्यानंतरच्या आठवड्यांपुरते उरले, असे मत मांडले जाते.

तथापि रुग्णालयातून माता व बालक साधारणतः दोन-तीन दिवसांत घरी येतात. नवजात अवस्थेचे उरलेले सुमारे पंचवीस दिवस बाळ घरीच असते. जंतुसंसर्ग, अंग गार पडणे, दूध कमी पडणे आणि वजन न वाढणे या अडचणी या काळातही उद्भवतात. कमी वजनाच्या बाळांसाठी तर हा काळ अधिक जोखमीचा असतो. शिवाय राज्याच्या सरासरीत न दिसणारी दुर्गम गावे आजही आहेत. पावसाळ्यात वाट बंद झाल्यावर तेथील बाळाजवळ त्याच्या आईखेरीज पोहोचू शकणारी व्यक्ती म्हणजे त्याच गावातील आरोग्य कार्यकर्तीच असते.

## हेही पाहा

* अर्भक मृत्युदर
* आशा स्वयंसेविका
* गडचिरोली जिल्हा
* जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम
* प्राथमिक आरोग्य केंद्र
* राणी बंग
* अभय बंग